बाहुल्यांसाठी दुरुस्त केलेली गाडी

गाडी चालवायला मी निवृत्ती जवळ आल्यावर शिकलो. बदली होऊन जाणाऱ्या एका सहकाऱ्याने आपली जुनी डिझेल सेडान मला घ्यायला सांगितली आणि नाही कसे म्हणावे ते मला सुचले नाही. किल्ली फिरवल्यावर समोरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचे, मगच इंजिन सुरू करायचे, एवढा एक नियम त्याने शिकवला. थांबणे मला जमते. चेन्नईच्या उकाड्यात तो दिवा लागता लागता विझतो. मी तरीही थोडे थांबतो.

या गाडीचा मोठा गुण म्हणजे तिचा आवाज. आवडी या चेन्नईच्या उपनगरातल्या आमच्या वसाहतीत ती वळणावर येण्याआधीच कुत्री उठून बाजूला होत. त्यामुळे हॉर्न वाजवण्याची वेळ माझ्यावर आली नाही. अनोळखी माणसाला मागून असे हटकणे मला प्रशस्त वाटत नाही.

पत्नीचे मत निराळे होते. पहिल्याच फेरीत मी एका लॉरीमागे बराच वेळ थांबून राहिलो. लॉरीचा चालक पलीकडच्या खानावळीत जेवत बसला आहे, हे तिने मला दाखवून दिले. तेव्हापासून ती लोकलने जाऊ लागली. स्टेशनपर्यंत सोडतो म्हटले, तर म्हणाली, "नको हो, लोकल चुकंल." शेजारची रिकामी जागा घेऊन रोज हिंडणे मला आवडत नव्हते, पण तसे बोलून दाखवण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

ती तंजावरच्या मराठी घराण्यातली. नवरात्रात तिच्या माहेरी पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात आणि दर वर्षी त्यांत एक तरी नवी भर घालावी लागते. गेल्या वर्षी तिला मातीची अख्खी लग्नाची वरात हवी होती. तशी वरात जॉर्ज टाउनच्या बाजारात मिळते आणि लोकलच्या गर्दीतून आणता येत नाही, हे तिलाही मान्य होते.

"पण तुमची गाडी किती हालती! वाजंत्रीवाल्यांचे हात घरी येईस्तोवर राहतील का?"

मी गॅरेजमध्ये जाऊन इंजिनाखालचे झिजलेले रबर बदलून घेतले. गाडी एकदम शांत झाली. मला समाधान वाटले.

जॉर्ज टाउनमध्ये वरातीचे खोके तिने पुढच्या सीटवर ठेवले, त्याला पट्टा लावला आणि स्वतः मागे बसली.

"तुमच्या शेजारी तेच बसू देत."

गल्लीत पोत्यांनी भरलेली एक हातगाडी आमच्या पुढ्यात होती. पाठमोरा हमाल ती मागे ओढत आमच्याच दिशेने येऊ लागला. पूर्वी त्याला आमचा आवाज ऐकू आला असता.

"अहो, हॉर्न!"

"वळून बघेलच तो."

"कधी? वरात घरी पोचल्यावर?"

मी काच खाली करून त्याला काय संबोधावे याचा विचार करत होतो. तेवढ्यात दोन सीटांच्या मधून तिचा हात पुढे आला आणि हॉर्न वाजला. त्याचा आवाज फार मोठा निघाला. इतके दिवस न वापरल्याने मला कल्पना नव्हती. सगळी गल्ली वळून बघू लागली. हमालाने हातगाडी थांबवली आणि तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "मेदुवा, सार, मेदुवा." हळू, साहेब. मी त्याची माफी मागितली. आमची गाडी उभीच होती, हे सांगायचे राहून गेले.

पत्नी खाली उतरली. खोके मागे ठेवून तिने त्याला पट्टा लावला आणि पुढे येऊन बसली.

"तुम्ही गिअर बघा. हे मी बघते."

घरी उघडून पाहिले तेव्हा सगळ्या वाजंत्रीवाल्यांचे हात शाबूत होते.

नवरात्र संपले, बाहुल्या कापडात गुंडाळून माळ्यावर गेल्या. दुसऱ्या दिवशी मी भाजीला निघालो, तर ती पिशवी घेऊन खाली आली आणि पुढे बसली. जपून वाहून आणावे असे काहीही नव्हते. मी किल्ली फिरवली. पिवळा दिवा लागला, विझला.

"विझला की हो," ती म्हणाली आणि हॉर्न वाजवला. समोर कोणीही नव्हते.