नाखवीणबाईंच्या भावाचं दुकान

नाखवीणबाई दुकानात शिरायच्या आधी त्यांचा आवाज शिरायचा. "विक्रीकरातून आलेय! घाबरू नका, बिलं काढा!" हे त्या फुटपाथवरूनच सांगत, त्यामुळे शेजारचे दुकानदारही सावध होत. मी नवा इन्स्पेक्टर म्हणून त्यांच्याबरोबर हिंडायला लागलो तेव्हा मला इतका संकोच वाटे की मी मुद्दाम मागे रेंगाळायचो. बाई वरळी कोळीवाड्यातल्या. अंबाड्यावर अबोलीची वेणी, खांद्याला खाकी पिशवी. पूर्वी घरच्या होड्या होत्या म्हणून कचेरीने त्यांना हे नाव ठेवलेलं. त्यांनाही ते आवडायचं.

आमच्या खात्याच्या माणसाकडे कुणी हसून बघत नाही, याचं मला सुरुवातीला फार वाईट वाटे. एकदा ते बोलून दाखवलं. बाई म्हणाल्या, "लोकांना आवडायचं असेल तर पोस्टात जायचं होतंस. पोस्टमनची सगळे वाट बघतात. आपली कोण बघणार?"

गिरण्यांच्या संपाच्या काळात मात्र त्यांचा आवाज खाली आला. डिलाईल रोडवर दुकानं उघडी असत, पण गिऱ्हाईक नसे. चाळीतले गिरणीवाले पायऱ्यांवर बसून असत. बाई दुकानात जाऊन नुसत्या बसत, बायकामुलांची चौकशी करत आणि 'विक्री नाही' असं लिहून परत येत. साहेबांनी एकदा हटकलं, "सगळीकडेच कशी विक्री नाही?" बाई म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर साहेब. जो तो दुकानदार बसून माश्या मारतोय बिचारा." साहेब गेले नाहीत, पण पुन्हा विचारलंही नाही.

त्यांचा धाकटा भाऊ हरेश्वर गिरणीत होता. संप लांबत गेला, गिरणी काही त्याच्यासाठी उघडली नाही. मग त्याने डिलाईल रोडलाच एक गाळा घेऊन तयार कपड्यांचं दुकान टाकलं. दुकान बरं चाललं. बाई आम्हाला कौतुकाने सांगत, "आमचा हरी शेठ झाला." तो बिनबिलाचा माल घेतो, विक्रीकराची नोंदणीही केलेली नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. ते कळलं तक्रार आली तेव्हा. साहेबांनी तपासणीची तारीख ठरवली आणि आम्हा दोघांना बोलावलं.

बाई पत्ता वाचून म्हणाल्या, "हा माझा सख्खा भाऊ आहे. मला पाठवू नका."

"ठीक आहे," साहेब म्हणाले, "पण घरी काही..."

"ते मला सांगायला नको."

नेमकं तपासणीच्या आदल्या संध्याकाळी हरेश्वरच्या मुलीचं बारसं होतं. मी म्हटलं, "बाई, आज जाऊ नका. डोकं दुखतंय म्हणून सांगा."

"नाही गेले तर त्याला कळेल रे," बाई म्हणाल्या. "आत्या बारशाला का नाही आली, असं विचारेल ना तो."

त्या गेल्या. पाळणा म्हटला, पोरीचं नाव ठेवलं, भावाच्या पंगतीला जेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना वगळून आम्ही दुकानात शिरलो. बाईंच्या कचेरीतला म्हणून हरेश्वरने मला ओळखलं. तो कपड्यांचा एकेक गठ्ठा काढून दाखवू लागला. दुपारी तो कचेरीत आला आणि सगळ्यांच्या देखत बाईंच्या टेबलासमोर उभा राहिला.

"बाय, काल माझी पोर मांडीवर घेतलीस ना तू?"

"घेतली."

"आणि तोंडातून एक शब्द नाही काढलास?"

"नाही काढला."

तो निघून गेला. दंड बसला, दुकान टिकलं नाही. पुढे कितीतरी वर्षं त्याने बाईंशी बोलणं टाकलं. नारळी पौर्णिमेला बाई राखी घेऊन जात, तेव्हा तो होड्यांकडे निघून जाई. त्या राखी भावजयीकडे ठेवून, भाचीशी खेळून परत येत. मी विचारलं, "कशाला जाता?" तर म्हणाल्या, "राग त्याचा खरा आहे. तो त्याने करावा. मी माझं जाणं का सोडू?"

मग एका सकाळी हरेश्वर कचेरीत आला. जाळी आणि दोरांचं दुकान टाकत होता आणि आधी नोंदणी करायला आला होता. बाई तेव्हा नोंदणीच्या टेबलावर होत्या. मी पुढे होऊन म्हटलं, "इकडे या, मी लिहून घेतो." तो म्हणाला, "नको, इथेच." आणि बाईंच्या समोर बसला.

बाईंनी अर्ज ओढला. "नाव?" त्याने सांगितलं.

"वडिलांचं नाव?"

हरेश्वर बघतच राहिला. "आता बापसाचं नाव पण मीच सांगू तुला?"

"विचारावं लागतं," बाई म्हणाल्या. मान वर केली नाही.

त्याने वडिलांचं नाव सांगितलं. बाईंनी ते सावकाश, एकेक अक्षर काढून लिहिलं. सही झाल्यावर त्याने पायाशी ठेवलेली पिशवी हळूच पुढे सरकवली. "सुकट आहे. तुझ्या भावजयीने दिलीय."

"अर्ज मंजूर होईपर्यंत मला चालत नाही. मंजुरी साहेबांची."

त्याला हसू फुटलं. "मग मंजूर झाल्यावर घरी येऊन खा."

"येईन," बाई म्हणाल्या.

मंजुरी आली त्या दिवशी बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.