पिवळ्या पुस्तकातला बैल

सगळे वाचतात म्हणून आपणही तेच वाचायचं, हे मला कधी पटलं नाही. एकानं बोअर मारलं की शेजारचा मारतो, एकानं सोयाबीन पेरलं की अख्ख्या शिवारात सोयाबीन, तसलंच हे. मुरुम गावच्या पोस्टात मी नोकरीची सगळी वर्षं खिडकीमागं काढली. शेवटी शेवटी पत्रं कमी झाली आणि पुस्तकांची पाकिटं वाढली. मला आधी बरं वाटलं. मग ध्यानात आलं की आकार एकच, वजन एकच, आतलं पुस्तकही एकच. पिवळ्या कव्हराचं, जगावं कसं हे शिकवणारं. डॉक्टरीणबाईंकडं तेच, खतवाल्याकडं तेच, आणि ज्या माणसानं जन्मात लग्नपत्रिकेशिवाय काही वाचलं नव्हतं त्याच्याकडंही तेच. "बाई, तुम्ही वाचलं का?" सही करता करता लोक विचारायचे. "मला जगता येतं," मी म्हणायचे आणि पुढच्याला बोलवायचे.

माझी जीभ तिखट आहे, हे मला माहीत आहे. माझ्या खिडकीशी येण्याआधी लोक पाकिटावरचा पिनकोड परत एकदा तपासून घ्यायचे. पोस्टात ते चाललं. घरात मात्र त्या जिभेचा ताप मलाच झाला. मुलाचं लग्न झालं आणि ढोकीकडची सून घरात आली. कामाला वाघ, पण बोलायच्या नावानं शून्य. दोन वर्षांत "व्हय आत्या", "न्हाय आत्या", "वाढू का आत्या" एवढंच काय ते. मालक जाऊन बरीच वर्षं झालीत. मुलगा सकाळी उमरग्याला नोकरीवर जातो तो संध्याकाळी येतो. दिवसभर घरात आम्ही दोघीच. मला मुलगी नाही. सून आली की गप्पा मारायला हक्काचं माणूस मिळेल, ह्या आशेवर मी लग्नाची घाई केली होती, आणि ती पोर तर मला भिऊन असायची. "मला भिऊ नको" हेसुद्धा माझ्या तोंडून असं निघायचं की ऐकणारा आणखी मागं सरकायचा.

मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आधी एका डोळ्याचं, थोड्या दिवसांनी दुसऱ्याचं. नवा चष्मा मिळेपर्यंत वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. काळा चष्मा लावून बसायचं आणि वेळेवर डोळ्यांत थेंब घालून घ्यायचे. वाचनाशिवाय मी पार बेजार झाले. शेवटी सुनेला हाक मारली आणि माझ्या कपाटातली एक जाडजूड कादंबरी तिच्या हातात दिली.

अरे देवा! नांगरलेल्या रानातून अनवाणी चालावं तशी ती वाचायला लागली. मी शब्दाशब्दाला अडवायची. "तसं नाही गं, असं." "तिथं पूर्णविराम आहे, दिसला नाही का?" दुसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखायला लागलं. त्याच्या पुढच्या दिवशी ढीगभर धुणं निघालं. मी काय ते समजले.

एका दुपारी ती आपण होऊन माझ्या खोलीत आली. दाराशी बांगड्या वाजल्या.

"काय गं?"

"आत्या, एक पुस्तक हाय. बचत गटातल्या समद्या वाचायल्यात. मोबाईलवर त्याच्यासंगं फोटू टाकायल्यात. माज्याकडं बी आलंय. ते वाचू का तुमास्नी?"

"पिवळं?"

"व्हय."

तोंडावर आलेलं सगळं मी गिळून टाकलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडं काहीतरी मागितलं होतं. "वाच," मी म्हणाले. "झोप तरी लागेल."

सुरुवातीला पहाटे उठा, आरशासमोर उभे राहा, स्वतःला शाबासकी द्या, असलंच होतं. "ह्या वयात आरशात काय बघायचंय मेलं?" मी म्हणाले, आणि ती फिस्सकन हसली. माझ्यासमोर हसली! मला इतकं बरं वाटलं की मी आणखी दोन पानं मुकाट्यानं ऐकली. मग भीतीवरचा धडा आला. तिथं ती थांबली. पानं चाळल्याचा आवाज आला. मग परत वाचायला लागली.

एक पोरगी असते. बापाबरोबर ट्रॅक्टरवर बसून कारखान्याला ऊस घालायला जाते. कारखान्याच्या दारात ट्रॅक्टरांची ही भली मोठी रांग. तिथंच बापाला थंडीताप भरतो. रांग पुढं सरकली आणि आपण जागेवरच राहिलो की मागचे पुढं घुसतात, आपला नंबर जातो, ऊस वाळत पडतो. पोरीनं कधी ट्रॅक्टर चालवलेला नसतो, आणि मागं तर उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. ती बापाला लिंबाखाली निजवते आणि वर चढते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरते. मग तिच्या ध्यानात येतं की आपल्याला काही पार गावाला जायचं नाही. पुढचा ट्रॅक्टर जेवढा सरकला तेवढंच सरकायचं आणि थांबायचं. असं थोडं थोडं करत ती वजनकाट्यावर जाऊन पोचते.

मी पलंगावर उठून बसले. "हां! ह्याला म्हणतात लिहिणं! हा लेखक शहरातला नाही गं. ह्यानं आपला मुलूख बघितलाय, मळीचा वास घेतलाय!" तिनं पटकन पुस्तक मिटलं. पण दुसऱ्या दिवशी भांडी घासून होताच न बोलवता आली, आणि त्यानंतर रोज येत राहिली. अडखळणंही बंद झालं होतं.

रागाच्या धड्यात दोन भाऊ आले. बांधावरून भांडलेले, एकमेकांशी बोलणं बंद. पण विहीर एकच, मोटर एकच, तेव्हा निरोप तर द्यावा लागतो. मग धाकटा आपल्या बैलाला सांगायचा, पण थोरल्याला ऐकू जाईल असं मोठ्यानं, "ए बैला, तुज्या मालकाच्या भावाला सांग, लाईट आलीया, मोटर चालू कर म्हणावं." आणि थोरला बांधापलीकडून त्या बैलालाच उत्तर द्यायचा, "त्येला म्हण बैला, मला दिसतंय, म्या काय आंधळा न्हाय." थोरल्याची म्हैस व्याली तेही बैलालाच सांगितलं, आणि खरवस आला तोही बैलाच्या नावानं. मी हसून हसून आडवी झाले. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं, हसायचं काही बोलले नव्हते. मग एके दिवशी धाकट्यानं बैल विकला.

"अगं बाई! आता कसं बोलायचं दोघांनी?"

"उद्या वाचते, आत्या," ती म्हणाली आणि दूध तापवायला गेली.

त्याच संध्याकाळी शुक्रवारचं भजन होतं. काळा चष्मा लावून मी गेले. भजन झाल्यावर नेहमीप्रमाणं बायकांचा विषय पिवळ्या पुस्तकावर आला. एरवी अशा वेळी मी चपला शोधायला उठायची. त्या दिवशी ठाण मांडून बसले आणि ट्रॅक्टरवाल्या पोरीची गोष्ट रंगवून सांगितली. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"अय्यो, हे कुठं आहे हो त्यात?" पलीकडच्या गल्लीतली कानडी बाई म्हणाली. "भीतीच्या धड्यात तर कुणी परदेशातला शेठ आहे, पाण्याला भिणारा."

"तुम्ही नीट वाचलं नाही!"

"दोनदा वाचलंय मी."

"मग दोन्ही वेळेला डोळे झाकून वाचलंत. पुढच्या शुक्रवारी पान काढून दाखवते!" मी भडकून म्हणाले. इतकी वर्षं त्या पुस्तकाला नावं ठेवली आणि त्याच पुस्तकासाठी मी भांडून घरी आले.

दुसऱ्या दिवशी मुलानं उमरग्याहून माझा नवा चष्मा आणून दिला. अक्षरं कशी टपोरी, काळीभोर दिसायला लागली. मी सगळ्यात आधी पिवळं पुस्तकच हातात घेतलं. बायकांना पान दाखवायचं होतंच, पण खरं सांगू, बैल विकल्यावर त्या भावांचं काय झालं ते मला बघायचं होतं. सगळं पुस्तक उलटंपालटं केलं. ट्रॅक्टर नाही, बैल नाही. शेठ तेवढा होता, आणि तो शेवटी पोहायला शिकला होता.

मी सुनेला हाक मारली. ती दारात आली, माझ्या डोळ्यांवरचा चष्मा आणि हातातलं पुस्तक बघितलं आणि तिचं तोंड पांढरंफटक पडलं.

"बैल कुठाय?" मी विचारलं.

"चुकलं, आत्या."

"अगं पण बैल कुठाय?"

"त्यात न्हाय. त्या शेठचं नाव मला वाचाया येईना. अडकले असते तर तुमी बोलला असता. म्हणून म्या आमच्याकडचंच सांगितलं. मग तुमास्नी ते आवडाया लागलं."

"आणि ती ट्रॅक्टरवरची पोरगी?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मीच की."

दोन वर्षं माझ्या घरात खालमानेनं भाकरी थापणारी ही पोर एकटीनं उसाच्या दोन ट्रॉल्या काट्यापर्यंत घेऊन गेली होती, आणि माझ्यासमोर एक नाव वाचायला घाबरत होती. मला भडभडून आलं. आणि माझं कसं आहे, रडू आलं की मला राग येतो. "इतके दिवस मला बनवलंस!" असं काहीतरी मी बोलून बसले. तिला जवळ घ्यायचं होतं आणि तोंडातून हे पडलं. ती गेली. परत सुरू झालं, व्हय आत्या, न्हाय आत्या. दुपारचं वाचायला येणं बंद. "आता तुमास्नी दिसतंय की," ती म्हणाली आणि पुस्तक माझ्या उशाशी ठेवून गेली. नवा चष्मा लावून मी त्या रिकाम्या दुपारी स्पष्ट बघत बसले.

शुक्रवारी भजनाला गेले तेव्हा बायका वाटच बघत होत्या. "पान आणलं का?"

"नाही सापडलं," मी म्हणाले. "ती गोष्ट पुस्तकात नाही. आमच्या स्वयंपाकघरात आहे."

सगळं सांगितलं. मला वाटलं, आता माझी यथेच्छ टिंगल होणार. पण कानडी बाई म्हणाली, "मग तिलाच आणा की भजनाला. पुस्तक काय, आम्ही वाचलंय." बाकीच्यांनीही तोच धोशा लावला.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. पिवळं पुस्तक मला अजूनही आवडलेलं नाही, आणि आरशात बघून शाबासकी मी काही देणार नाही. पण माझ्या कपाटातलं एकही चांगलं पुस्तक घेऊन ती पोर आपण होऊन माझ्या खोलीत आली नसती. सगळ्या वाचतायत म्हणूनच तिला धीर झाला. ज्या घराच्या दारात पुष्कळ चपला दिसतात, तिथं नवख्या माणसाला आत शिरायला भीती वाटत नाही. आत गेल्यावर तो काय करतो हे त्याच्यावर असतं. आमच्या सुनेनं आत जाऊन स्वतःची चूल मांडली होती.

आता तिला बोलवायचं कसं? नुसतं "ये, बस, बोल" म्हणायला माझी जीभ काही रेटेना. दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात भांडी लावत होती. मी चष्मा काढून ठेवला, पिवळं पुस्तक पलंगावर समोर मांडलं आणि मोठ्यानं म्हणाले, "अरे पुस्तका, आमच्या सूनबाईला सांग, म्हातारीला आज काही दिसंना झालंय. बैल विकल्यावर पुढं काय झालं, तेवढं वाचून दाखव म्हणावं."

भांड्यांचा आवाज थांबला. आपण हे काय खुळ्यासारखं केलं, असं वाटून माझे कान तापले.

मग आतून आवाज आला, "पुस्तका, आत्यास्नी सांग, चहा टाकलाय. घिऊनच येते म्हणावं."

ती आली, कप खाली ठेवले आणि पलंगाच्या कडेला टेकली. पुस्तक तिनं उघडलं नाही.

"बैल इकला," ती म्हणाली. "मग लई दिस दोघं बी गप. विहिरीवर समोरासमोर यायचे, पण बोलायचं कुणाला? गोठ्यात नुसतं दावं ऱ्हायलं हुतं. मग एक दिवशी धाकल्यानं ते मोकळं दावं हातात घेतलं आणि बांधावर यिऊन उभा ऱ्हायला. दाव्यालाच म्हणाला, सांग त्येला, पोरगी मुरुमला दिलीया, साखरपुड्याला यावं लागतंय."

"म्हणजे तू?"

तिनं मान हलवली. तिच्या साखरपुड्यात एकसारखे फेटे बांधून शेजारी शेजारी बसलेले दोन म्हातारे मला आठवले.

"मग थोरला काय म्हणाला?"

"म्हणाला, दाव्याला कशाला सांगतूस? म्या हितंच हाय की."

पिवळं पुस्तक आमच्या दोघींच्या मधे पडलं होतं. मी ते उचलून पलीकडं ठेवलं आणि म्हणाले, "अशी जवळ सरक."