पुलाच्या अलीकडचं बाकडं

फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंना सगळे व्यायामबाईच म्हणत. उभा जन्म लोकांची कंबर सरळ करण्यात गेला आणि स्वतःची मात्र वाकली.

त्यांचा परवाना नदीच्या अलीकडच्या राज्याचा. पलीकडे दुसरं राज्य, दुसरा कायदा. बाईंकडे व्यायामाला येणाऱ्या, अर्धांगवायू झालेल्या सुतारकाकांना त्यांच्या मुलाने पलीकडे आपल्या घरी नेलं, तेव्हा बाई सवयीने मागोमाग गेल्या. कुणीतरी चुगली केली. कार्यालयातून तंबी आली, पुन्हा नदीपार कुणाला हात लावलात तर परवाना जाईल.

मग बाईंनी पुलाच्या अलीकडचं बाकडं गाठलं आणि काकांना व्यायामासाठी तिथं बोलावलं. पूल जुना, फक्त पायी जाणाऱ्यांचा. मुलगा काकांना जवळजवळ उचलूनच आणायचा. पुढे नुसता आधार द्यायचा. मग काका काठी टेकत एकटेच येऊ लागले, वाटभर दोन्ही सरकारांचा उद्धार करत.

"माझ्या पायाला कळतं का हो, हद्द कुठं संपली ते?"

"तुमच्या पायाला माझंही कळत नाही. टाच टेका आधी."

बाई कार्यालयात खेटे घालतच होत्या. शेवटी एकदाचं दोन्ही राज्यांनी एकमेकांचे परवाने मान्य केले. बातमी ऐकून बाईंना आनंदापेक्षा झोपच जास्त आली.

आता त्या थेट काकांच्या घरी जाऊ लागल्या. काका खुर्चीत ऐसपैस बसलेले असत. बाई पाय हलवून देत, व्यायाम सांगून निघत. महिन्याभरात पाय पुन्हा फरफटू लागला.

"मी सांगितलेलं करता ना रोज?"

सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कसलं करतात! आधी दुपारपासून चप्पल घालून दारात बसायचे. आता म्हणतात, बाई येतायत की घरी, उठू कशाला?"

बाई मटकन स्टुलावर बसल्या.

"काका, उद्यापासून मी येणार नाही. बाकड्यावर या."

"का? कायदा फिरला?"

"कायदा आहे तिथंच आहे. पाय मागे चाललाय."

"म्हणजे परवानगी नव्हती तेच बरं होतं म्हणा की!"

"बरं कसलं? त्या बाकड्याला पाठ नाही. माझ्या कंबरेला विचारा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई बाकड्यावर येऊन बसल्या. दिवसभर दवाखान्यात उभं राहून पायांचे तुकडे पडले होते. बराच वेळ पुलावर कुणी दिसेना. म्हातारा हट्टाला पेटला तर खुर्चीतून पुन्हा कधीच उठायचा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग काठीची टकटक ऐकू आली. काका पुलाच्या मध्यावर कठड्याला धरून उभे राहिले आणि ओरडले, "आता तरी या की निम्म्यापर्यंत! कोण अडवतंय तुम्हाला?"

खरंच कुणी अडवत नव्हतं. उठावं, चार पावलं जावं, हात द्यावा, म्हणजे दोघंही लवकर सुटतील, असं बाईंच्या मनात आलं.

त्यांनी बाकड्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"टाच, काका," त्या म्हणाल्या. "आधी टाच."