नाल ठोकलेले बूट आणि नववं कॉलेज

ऐंशीच्या दशकात आमच्या उपनगरांतली सहा कॉलेजं मिळून कबड्डीची एक साखळी स्पर्धा चालवत, आणि मी तिचा चिटणीस होतो. कबड्डीशी माझा संबंध म्हणाल तर शाळेत मला कुठल्याच बाजूला घेत नसत, एवढाच. अंधेरीच्या एका कॉलेजात मी गणित शिकवायचो. चिटणिसाची निवड झाली त्या दिवशी मी रजेवर होतो. दुसऱ्या दिवशी कळलं, निवड एकमताने झाली.

तिसऱ्या वर्षी ठरलं की सहाची आठ कॉलेजं करायची. आठ हा आकडा माझा. आठाचं वेळापत्रक मी फळ्यावर असं सुबक मांडून दाखवलं होतं, की कुणालाच सुट्टी नाही आणि कुणीच रिकामं बसत नाही. त्या वेळापत्रकाच्या मी प्रेमातच पडलो होतो म्हणा ना. अर्ज मात्र तीन आले, मुलुंड, बोरिवली आणि गोवंडी. अट एकच होती, मैदान खेळण्यालायक हवं. ते बघायला कुणीतरी जायला हवं होतं, आणि मापाची टेप कुणाकडे आहे असं अध्यक्षांनी विचारल्यावर मी उत्साहाने हात वर केला.

अध्यक्ष म्हणजे घाटकोपरच्या कॉलेजातले पीटीचे सर, एकेकाळचे नावाजलेले खेळाडू, मूळचे मालवणकडचे. मला ते प्रोफेसर म्हणत आणि त्यात आदर अजिबात नसे.

तर पाहणीला जायचं म्हणून मी नवे बूट घेतले. चपला घातलेला माणूस पाहणी अधिकारी वाटत नाही, असं माझं मत होतं. दहिसरला आमच्या चाळीच्या नाक्यावर बसणाऱ्या चांभाराने टाचांना लोखंडी नाल ठोकून दिली. चालताना टाक-टाक असा आवाज यायचा. फार बरं वाटायचं.

बोरिवलीचं मैदान आदल्या दिवशी पाहून झालं होतं. रविवारी सकाळी अकराला गोवंडी आणि एकला मुलुंड असा बेत होता. मुलुंडच्या लोकांनी जेवण ठेवलंय आणि त्यात श्रीखंड आहे, हे मला आधीच कळलं होतं. बसचा अंदाज चुकला आणि मी गोवंडीला दहालाच पोचलो. त्यांचं कॉलेज महापालिकेच्या शाळेच्या वरच्या मजल्यावर भरायचं, मैदान शाळेच्या मागे. शेजारी एक छोटं बुद्धविहार, त्याच्या ओट्यावर माती ठोकायची धुम्मस उभी करून ठेवलेली. माणूस कुणी नव्हतं.

म्हटलं, चला, वेळ वाचला. एकट्याने टेप लावायची म्हणजे एक टोक दगडाखाली ठेवायचं आणि दुसरं घेऊन चालत जायचं. मी अर्ध्यात पोचलो की दगड सरके आणि टेप सर्रकन माझ्याकडे पळत येई. मग परत जा, परत दगड. लांबी झाली, रुंदी झाली, मग गणिताचा माणूस म्हणून दोन्ही कर्णही मोजले. माझी नजर पूर्ण वेळ टेपवर. सगळं झाल्यावर खाली पाहिलं तर काय, मैदानभर खड्डे! बुटांनाही चिखल. मी वही काढून लिहिलं, 'माप बरोबर. पृष्ठभाग ओला व खडबडीत, सर्वत्र खड्डे. खेळण्यास अयोग्य.' हे खड्डे कुणी पाडले असतील असा प्रश्न मला पडला नाही. वर्गात पोरांना मी 'हे कुठून आलं?' असं प्रत्येक पायरीला विचारत असे, ते वेगळं.

दहा पस्तीसला मी एका कागदावर 'पाहणी केली' असं लिहिलं, तो दगडाखाली ठेवला आणि श्रीखंडाकडे निघालो.

अहवाल सोमवारी टपालात गेला. बूट तसेच खाटेखाली. गुरुवारी संध्याकाळी वडिलांनी ते पुसायला घेतले. वडील गिरणीत होते तेव्हा गिरणीच्या संघातून कबड्डी खेळायचे. संपानंतर गिरणीही गेली आणि खेळही. त्यांनी टाचेची माती नखाने खरवडली, बोटांत चोळली आणि विचारलं, "कुठे गेला होतास रे?"

"गोवंडीला. मैदान बघायला."

"ही चाळलेली माती आहे. पाणी मारून, ठोकून, सुकायला ठेवलेली. वर पाऊलसुद्धा टाकत नाहीत अशा वेळी." मग माझ्याकडे बघितलं. "बूट घालून गेलास?"

हो म्हणालो.

"आम्ही आत जाताना माती कपाळाला लावायचो. आणि हे आमचे चिरंजीव!"

बास, इतकंच बोलले. बूट मात्र पुसून ठेवले. तेव्हा मला ते खड्डे नीट दिसले, सगळे एका मापाचे आणि दोन्ही कर्णांवर सरळ रेषेत. आता तुम्ही म्हणाल, मी लगेच अध्यक्षांना कळवलं असेल. नाही. मी स्वतःला सांगितलं की अहवाल गेलाय, बैठक परवाच आहे, बघू. शिवाय गोवंडी गळालं की आठ होत होती आणि माझं वेळापत्रक शाबूत राहत होतं.

शनिवारी आमच्या कॉलेजात बैठक झाली. मी तेच बूट घालून गेलो, कारण चपलेत गेलो असतो तर वडिलांनी कारण विचारलं असतं. अहवाल वाचला गेला. मुलुंड ठीक, बोरिवली ठीक. गोवंडीच्या ओळीवर सगळ्यांनी माना हलवल्या. मग गोवंडीच्या कप्तानाला आत बोलावलं. सडपातळ पोरगा, शेवटच्या वर्षाला. कोपराला खेळातली जुनी खूण. हातात वर्तमानपत्राचं पुडकं.

तो उभ्यानेच बोलला. "सर, माझं हे शेवटचं वर्ष. साखळीत खेळल्याचं प्रमाणपत्र असलं तरच बँकेच्या संघाच्या चाचणीला बसता येतं. पुढच्या वर्षी घेतलंत तर पोरांचं होईल, माझं नाही होणार."

"ता खरा," अध्यक्ष म्हणाले, "पण मैदानात खड्डे असत ना रे."

"पाहणीच्या सकाळी नव्हते सर. आम्ही पहाटेपासून मैदान केलं आणि आंघोळीला घरी गेलो. पाहणीचे सर येणार म्हणून सगळ्यांनी पांढरे शर्ट घातले. तेवढ्यात कुणीतरी बूट घालून फिरून गेलं. त्याच्यानंतर हे सर आले असणार, त्यांना खड्डेच दिसले." असं म्हणून त्याने पुडकं सोडलं. आत खुरप्याने कापून काढलेली वाळलेल्या मातीची जाड खपली होती आणि तिच्यावर टाचेचा अर्धा चंद्र. "नाल आहे टाचेला. एक खिळा गेलेला. आम्ही शोधतोय त्याला."

"आणि गावलो तर काय करशात?"

"काय करणार सर. मैदान करून घेऊ त्याच्याकडून."

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता टेबलाखाली पाय मागे ओढले. नाल फरशीवर टाक करून वाजली.

कुणी ऐकलं की नाही, मला आजही माहीत नाही. पोरगा माझ्याकडे बघतही नव्हता, खपलीचे सांडलेले कण तो बोटाने गोळा करत होता, टेबल खराब होऊ नये म्हणून. गप्प राहिलो असतो तर निभावलं असतं. पण तो कण गोळा करत होता, ते काही मला बघवेना. मी खाली वाकलो, उजवा बूट काढला आणि खपलीशेजारी उलटा ठेवला. अर्धा चंद्र. एक खिळा नाही.



"काडलंस, बरा केलंस," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "पण आठ दिवस उशिरान." मग सभासदांकडे वळून म्हणाले, "तिघांनाय घेवया. नऊ कॉलेजां."

"सर, नवाचं वेळापत्रक बसत नाही," माझ्या तोंडून गेलं. एका पायात मोजा, आणि तरी!

"बसणा नाय तर उभ्या उभ्या कर. आणि मैदान बघूक उद्या सकाळी मी स्वतः येतंय. तेव्हा माका खड्डो दिसलो तर गोवंडी नाय. समाजलं, प्रोफेसर?"

समजलं. मी तिथूनच गोवंडीला गेलो, कप्तानाबरोबर. मैदानाच्या कडेला दोन्ही बूट काढले. उरलेली दुपार आणि संध्याकाळ मी माती खणली, ढेकळं फोडली, चाळली. पोरं धुम्मस इतकी सहज मारत होती की मीही मागून घेतली आणि तिसऱ्या ठोक्याला स्वतःच्या अंगठ्यावर मारली. "सर, तुम्ही पाणी मारा," कप्तान म्हणाला. पाणी मारणं मला जमलं. नंतर सगळ्यांनी मिळून ठोकलं. मैदानाभोवती दोरी बांधून आम्ही घरी गेलो.

रविवारी अध्यक्ष आले. कडेला चपला काढल्या, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि अनवाणी, सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालत गेले. पोरं पांढऱ्या शर्टात ओळीने उभी. कप्तानाची नजर अध्यक्षांच्या पावलांवर. अध्यक्ष परत आले, तळव्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लिही."

मी वही काढली आणि आधीची ओळ खोडून लिहिलं, 'मैदान खेळण्यालायक.' कप्तानाने वही माझ्या हातातून घेतली. अक्षर न् अक्षर वाचलं. वही परत देताना म्हणाला, "आता चहा घ्या सर. त्या रविवारचा राहिलाय."