पत्रकामागून येणारा फोन

फोनवाले गेले, आणि त्यांच्या मुलीने निरोप पाठवला, "काकांनी बाबांबद्दल थोडंसं लिहून द्यावं. तेच बाबांना सगळ्यांत जास्त ओळखत होते."

काका म्हणजे कागदवाले. ते कागद पुढ्यात घेऊन बसले खरे, पण थोड्याच वेळात त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला या माणसाची धड माहितीच नाही. टेबलाला टेबल लावून नोकरी झाली, पण ते लहानपणी कुठे वाढले, त्यांना भावंडं किती, एकटे असताना ते काय करत, यातलं काही आपण कधी विचारलंच नाही. एवढं मात्र तोंडपाठ होतं, की फोनवाले कोणाकोणाला आवडत. माणूस सुखाच्या गोष्टी विसरतो, पोटदुखीच्या विसरत नाही.

सरकारी बांधकाम खात्याची प्रसिद्धी शाखा होती ती. बंद पडलेल्या लिफ्टशेजारची लांबट खोली. एका कोपऱ्यात वर्तमानपत्रांची चळत, कात्रणं चिकटवायची डिंकाची बाटली, मधोमध दोन टेबलं आणि पलीकडे साहेबांची केबिन. खात्याने काय केलं ते वर्तमानपत्रांना कळवायचं, आणि काय केलं नाही ते वर्तमानपत्रांनी विचारलं तर उत्तर द्यायचं, असं शाखेचं काम. पहिलं काम एकाकडे होतं, दुसरं दुसऱ्याकडे. पत्रकं लिहिणारे म्हणून कागदवाले, वार्ताहरांशी बोलणारे म्हणून फोनवाले. ही नावं वार्ताहरांनीच पाडली होती. पुढे शिपाईही तसंच म्हणू लागला, आणि एक दिवस कागदवाल्यांच्या बायकोनेही तेच उचललं.

"आज काय म्हणाले तुमचे फोनवाले?" ती जेवताना विचारायची.

"माझे कशाला? आणि मी काय म्हणालो ते नाही विचारलंस कधी!"

"तुम्ही काय म्हणणार? तुम्ही लिहिता."

फोनवाल्यांचा घरी फोन आला की ती पदराला हात पुसत पुसत हसायची. कागदवाल्यांची आई ऐकायला कमी, पण तीसुद्धा म्हणायची, "किती गोड बोलतो मेला!" एवढं ऐकलं की कागदवाल्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. त्यांच्या पत्रकात काना-मात्रेची चूक कधी सापडली नाही. पण चूक सापडली नाही म्हणून कोणी कोणाच्या प्रेमात पडतं का?

फोनवाल्यांची एक पद्धत होती. पत्रक फॅक्सने रवाना झालं की ते एकेका वर्तमानपत्राला फोन लावत. मोठ्या दैनिकाला जेवढा वेळ, तेवढाच चार पानी साप्ताहिकाला. "आलं का नीट? शेवटचा परिच्छेद जरा लांबलाय, कापलात तरी चालेल. आईंचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? बरं, ठेवू का?" हे "ठेवू का" विचारल्याशिवाय त्यांनी कधी रिसीव्हर खाली ठेवला नाही. आणि प्रत्येक वेळी पलीकडचा माणूस आणखी थोडा वेळ बोलायचा.

"कापलात तरी चालेल" हे शब्द शेजारच्या टेबलावर सुरीसारखे लागत. परिच्छेद कागदवाल्यांचा, उदारपणा फोनवाल्यांचा! आयत्या पिठावर रेघोट्या, असं कागदवाले मनात म्हणत. हा नुसता तोंडाची वाफ दवडतो, दुसऱ्या दिवशी छापून येतं ते आपण लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी कात्रणं चिकटवताना आपली वाक्यं जशीच्या तशी छापलेली पाहिली की त्यांना जरा गार वाटायचं. एवढा एकच दिलासा होता त्यांना.

साहेब निवृत्तीला आले, आणि त्यांच्या केबिनमध्ये या दोघांपैकी कोण जाणार याची चर्चा सुरू झाली. कागदवाल्यांना ती केबिन हवी होती. पगार वाढणार होता, मान मिळणार होता, हे सगळं ठीकच. पण खरं म्हणजे तिला दार होतं. दार लावलं की फोनवाल्यांचं हसणं ऐकावं लागणार नव्हतं.

त्याच सुमारास नव्या पुलाच्या उद्घाटनाची तारीख ठरली. अशा समारंभाचं पत्रक आदल्या दिवशीच लिहून ठेवायचं, हा शाखेचा जुना रिवाज. उद्घाटन उद्या असलं तरी पत्रकात ते होऊन गेलेलं असे. मंत्री वेळेवर आलेले, फीत कापलेली, टाळ्यांचा कडकडाट झालेला. मग समारंभाला गेलेल्या माणसाने तिथून कळवायचं आणि कार्यालयात बसलेल्याने पत्रक सोडायचं. जायचे ते फोनवाले, बसायचे ते कागदवाले. या वेळी मात्र संचालक स्वतः हजर राहणार होते. बढतीची फाइल त्यांच्याच टेबलावर होती.

"या खेपेला मी जातो," कागदवाले म्हणाले.

"जा की गुरुजी," फोनवाले म्हणाले. ते त्यांना गुरुजीच म्हणत, चेष्टा की आदर ते कधी कळलं नाही. "पत्रक तुमचंच आहे. मी बसतो इथे राखणीला."

पुलावर मांडव होता, खुर्च्या होत्या, संचालकही होते. कागदवाले त्यांच्या नजरेत येतील अशा बेताने इकडून तिकडे फिरत होते. संचालकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जरा पाणी सांगता का?" कागदवाल्यांनी पाणी सांगितलं. मग निरोप आला, की मंत्री सभागृहातल्या कामात अडकलेत, उद्घाटन पुढे ढकललंय. माणसं पांगली. फीत तशीच राहिली.

कागदवाल्यांनी कार्यालयात फोन केला नाही. काही घडलं असतं तर कळवायचं, काहीच घडलं नाही तर काय कळवायचं, असा त्यांचा सरळ हिशोब. फोन आल्याशिवाय आपण पत्रक सोडत नाही, तसे फोनवालेही सोडणार नाहीत, हे ते धरूनच चालले होते.

परत आले तेव्हा फोनवाले उठून उभे राहिले. "काय गुरुजी, कसा झाला समारंभ?"

"झालाच नाही. मंत्री आलेच नाहीत."

फोनवाल्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला रंग गेला. "मी... पत्रक सोडलं."

"काय?"

"तुमचा फोन येईना. म्हटलं संचालकांबरोबर असाल, कुठे मध्येच उठणार! वेळ टळली तर पानात जागा मिळणार नाही, मग तुम्ही हिरमुसाल."

कागदवाले खुर्चीत बसले. तोंड त्यांनी गंभीर केलं, पण आत उकळ्या फुटत होत्या. न झालेलं उद्घाटन उद्या सगळीकडे छापून येणार. टाळ्यांच्या कडकडाटासकट! आणि पत्रक सोडणारा हात कोणाचा? केबिनचं दार आपोआप उघडल्यासारखं त्यांना दिसलं.

"फोन लावा सगळ्यांना," ते म्हणाले. नीट ऐकायला मिळावं म्हणून त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

फोनवाल्यांनी पहिला नंबर फिरवला. पलीकडचा आवाज मोठा होता, शेजारीही ऐकू येत होता.

"साहेब, ते पुलाचं बाजूला ठेवलंय. पत्रक आलं आणि मागून तुमचा फोन नाही, म्हटलं काहीतरी पाणी मुरतंय."

दुसरा म्हणाला, "तुमच्या फोनशिवाय तुमच्या खात्याचं आम्ही काही लावतो का? वाचतसुद्धा नाही!"

तिसरी एक वार्ताहर बाई होती. "अहो, मी तर घाबरलेच. म्हटलं तुम्हाला बरं नाही की काय. घरी फोन करणार होते."

एकानेही छापायला घेतलं नव्हतं. सगळे फोन झाले. फोनवाल्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. कागदवाल्यांना मात्र आपल्या अंगातली हवा कोणीतरी काढून घेतल्यासारखं झालं. वाचतसुद्धा नाही. म्हणजे इतकी वर्षं जी कात्रणं आपण डिंकाने चिकटवली, ती वाक्यं आपली असली तरी छापून यायची या माणसाच्या आवाजावर. एवढा एकच दिलासा होता, तोही या माणसानेच नेला.

"पत्रक उत्तम होतं हो गुरुजी," फोनवाले हळूच म्हणाले.

"होतं ना. नुसतं घडायचं राहिलं." मग त्यांना राहवेना. "पण आज मागून फोन का नाही केलात? कधी चुकवत नाही."

फोनवाल्यांनी टेबलावरची टाचणी उचलून ठेवली. "पत्रक तुमचं, आणि दर वेळी फोन करून भाव मी खातो. तुम्हाला ते लागत असेल असं वाटायचं. म्हटलं आज मध्ये पडू नये. तुम्ही आल्यावर तुम्हीच बोला सगळ्यांशी."

म्हणजे यांना कळत होतं! सगळं कळत होतं आणि वर दयाही येत होती! कागदवाल्यांच्या अंगाचा असा तिळपापड झाला की ते पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर निघून गेले.

परत आले तर फोनवाले साहेबांच्या केबिनमध्ये. काचेतून दिसत होतं, ते उभे राहून काहीतरी सांगत होते आणि साहेब कपाळ चोळत होते. छापून काही आलं नव्हतं, त्यामुळे कोणाला पत्ता लागला नसता. कागदवाले स्वतः तर बोलणार नव्हते. बोलले असते तर त्यांना वार्ताहरांची ती वाक्यंही सांगावी लागली असती. पण फोनवाल्यांनी आपण होऊन सांगितलं, साहेबांनी नियमाप्रमाणे वर कळवलं, आणि फोनवाल्यांवर ठपका आला. केबिन कागदवाल्यांना मिळाली.

घरी बायको म्हणाली, "अभिनंदन. फोनवाल्यांना वाईट वाटलं असेल, नाही?"

कागदवाल्यांनी दार लावून काम करायला सुरुवात केली. वार्ताहर येत, दारावर टिचकी मारून "नमस्कार साहेब" म्हणत आणि जाऊन फोनवाल्यांच्या टेबलाभोवती बसत. मग हशा उठायचा. दाराच्या फटीतून हसणं यायचं, विनोद यायचा नाही. चार-सहा महिने कागदवाल्यांनी तेही सोसलं. पुढे एक दिवस ते उठले आणि दार किंचित उघडं ठेवून परत खुर्चीत येऊन बसले, नेमकं कशाला हसतात ते कळावं म्हणून. नंतर ते दार तसंच राहिलं. चूक कबूल करण्यातसुद्धा हा माणूस आपल्या पुढे निघून गेला, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पचलं नाही.

दोघे निवृत्त झाले. फोनवाल्यांचा अधूनमधून फोन यायचा, अर्थात त्यांचाच. कागदवाले आपणहून करत नसत. तिकडे गर्दी असेल, आपली काय गरज, असं त्यांना वाटे.

शेवटचा फोन आला तेव्हा कागदवाले भाजी निवडत होते.

"गुरुजी, तुमच्या त्या चष्म्याच्या डॉक्टरचा नंबर आहे का?"

"आहे. पण मंगळवारी बंद असतो."

"आज काय वार?"

"मंगळवार."

"मग उद्या करतो. लिहून घेतो, सांगा."

कागदवाल्यांनी नंबर सांगितला. फोनवाल्यांच्या मागे बरीच माणसं मोठमोठ्याने हसत होती. कागदवाल्यांना राहवलं नाही.

"कोण आलंय? मैफल दिसतेय."

"छे हो, कोण येणार! टीव्ही आहे. लावून ठेवतो, घर बोलतं राहतं जरा."

"आवाज केवढा तो. कमी करा थोडा."

"करतो. बरं, ठेवू का?"

"ठेवा."