शिपाईमामांच्या हातातलं घड्याळ

कपाट आवरताना गाठ मारलेला चौकड्यांचा रुमाल हाताला लागला आणि एकटाच होतो तरी मान खाली गेली. जिंतूरला शाळेत होतो तेव्हा आम्हा मास्तरांचा सायकलींचा ग्रुप होता; कोण किती किलोमीटर फिरलं ते रोज फोनवर टाकायचं. पंधरा दिवस पारखून मी किलोमीटर आणि हृदयाचे ठोके मोजून फोनवर दाखवणारं घड्याळ घेतलं, पण पहाटे उठणं काही जमेना. मग खेड्यातून रोज सायकलवर येणाऱ्या आमच्या शिपाईमामांच्या मनगटावर ते बांधलं आणि त्यांचे किलोमीटर माझ्या नावावर ग्रुपवर टाकू लागलो. एकदा सपाट रस्त्यावरही ठोके भलतेच चढलेले दिसले. "काय जोर लावला सर!" असं लोकांनी लिहिलं, मीही अंगठा पाठवला. पुढं आठवडाभर तेच. "सर, छातीत लय धडधडायलंय," मामा म्हणाले. "वय झालं मामा," मी म्हणालो. सोमवारी ते रस्त्यातच कोसळले. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आधी कधी असं झालं होतं?" मामी म्हणाल्या, "न्हाई." आठवडाभराचे ठोके माझ्या खिशातल्या फोनमध्ये होते, तो मी बाहेर काढला नाही. मामा वाचले. घरी सोडलं त्या दिवशी मामींनी घड्याळ रुमालात बांधून माझ्या हातात दिलं. "पडताना बी हात वर धरला व्हता त्येंनी, सरांचं हाय म्हणून." ती गाठ मी अजून सोडलेली नाही.