बुजवलेली बिळं

आयर्लंडमधल्या मलिंगारच्या हॉस्पिटलमध्ये मी डॉक्टर होतो. माझ्या वॉर्डातली एक सीनियर नर्स सुट्टीच्या दिवशी कोल्ह्यांच्या शिकारीत काही बेकायदा होत नाही ना, यावर नजर ठेवायला जायची. एका शनिवारी मीही तिच्यासोबत गेलो.

शेताच्या कडेला झुडपांमागे बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या बिळांची तोंडं ताज्या मातीने बुजवलेली दिसली. पळणाऱ्या कोल्ह्याला आत लपता येऊ नये म्हणून असं करतात. तिथे शिकारीला बंदी नाही, पण बिळं बुजवणं बेकायदा आहे. मी माती उकरायला वाकलो.

"डॉक्टर, हात लावू नका. आधी फोटो," ती म्हणाली. मग तिने वन्यजीव खात्याच्या रेंजरला फोन लावला.

तेवढ्यात कुत्री आणि घोडेस्वार आले. ती मोबाइलवर शूटिंग करत वाटेतच उभी राहिली. पुढच्या म्हाताऱ्याने घोडा थांबवला.

"आई कशी आहे गं?"

"बरी आहे," ती म्हणाली, पण मोबाइल खाली केला नाही. त्याने बिळांकडे पाहिलं आणि सगळ्यांना मागे वळवलं.

"मला घोड्यावर बसायला यांनीच शिकवलं," ती हळूच म्हणाली. तिने गाडीची किल्ली माझ्याकडे दिली.

रेंजरने येऊन बिळं मोकळी केली. त्याच्या अहवालावर साक्षीदार म्हणून मी सही केली. परतताना गाडी मीच चालवली.